चिमाची नोंद

दमयंतीबाई खाजणवाडीच्या शाळेत आल्या त्या सन बावीसच्या जूनात. होडीतून उतरल्या, ट्रंक स्वतःच उचलली आणि चिखल तुडवत सरळ शाळा गाठली. गावाने पहिली चौकशी केली ती यजमानांची. "वारले. पुढे?" बाई म्हणाल्या. दुसरी चौकशी, इथे एकट्या राहणार का. "भुतं आहेत का गावात? नाहीत ना? मग राहीन." तिसरा प्रश्न विचारायची कुणाची छाती झाली नाही.

बाई मूळच्या आंजर्ल्याच्या. बाराव्या वर्षी लग्न झालं, चौदाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं, आणि बापाने सगळ्या भाऊबंदांच्या नाकावर टिच्चून लेकीला पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात धाडलं. तिथून त्या मास्तरीण होऊन बाहेर पडल्या. तेव्हापासून परीक्षेवर आणि सरकारी कागदावर बाईंचा असा काही विश्वास बसला होता की देवावरही तेवढा नसेल. परीक्षा पास झाले म्हणून माणसात आले, नाहीतर कुणाच्या तरी माजघरात जन्मभर दळत बसले असते, असं त्या उघड म्हणत. तोंडाच्या फटकळ, पण मनात काही ठेवायच्या नाहीत. पोरीला छडी मारली तर संध्याकाळी तिच्या घरी जाऊन आईला सांगून यायच्या, "आज मारली हो तुमच्या लेकीला. चूक तिचीच होती. पण जरा जास्तच लागली."

खाजणवाडी म्हणजे रत्नागिरीपासून तीन कोस, मध्ये खाडी. शाळेत आप्पा हेडमास्तर मुलगे शिकवायचे आणि मुलींचा वर्ग बाईंकडे, पडवीत. दरवर्षी चौथीच्या हुशार मुलांसाठी रत्नागिरीला स्कॉलरशिपची परीक्षा व्हायची. छापील पेपर, साऱ्या जिल्ह्याला एकच. त्यात जी मुलगी वर येईल तिला पुढची तीन वर्षं रत्नागिरीला राहून शिकायला मिळायचं, आणि तिथून बाईंसारखं पुण्याला जायची वाट मोकळी व्हायची. पण परीक्षेला पोर पाठवायची म्हटलं की गावाच्या कपाळाला आठ्या.

गाव अडाणी होतं असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण गावाचं म्हणणं तरी ऐका. ज्या माणसाने आमची पोर कधी डोळ्यांनी पाहिली नाही, ती कोणाची, कुठली, ह्याचा ज्याला पत्ता नाही, तो रत्नागिरीत बसून ती हुशार की ढ हे कसं काय ठरवणार? सोयरीक जुळवणारा माणूसदेखील चार घरी चौकशी करतो. युसुफ नाखव्याने तर बाईंना समोरच विचारलं, "बाई, तो सायेब आमाला वळखत नाय, मंग त्याच्या मनात आमच्याविषयी राग कशाला?" त्याच्या थोरल्या पोरीला आदल्या वर्षी त्या परीक्षेत गणितात कमी मार्क पडले होते. गंगाराम तांडेल त्याच्या पुढचा. वार्षिक तपासणीला डिपोटी आले तेव्हा त्याने आपल्या थोरलीसाठी त्यांच्या टेबलावर जिवंत कोंबडा आणून ठेवला. डिपोटी शुद्ध शाकाहारी. कोंबडा टेबलावरून उडाला, दऊत लवंडली, आणि शाळेच्या शेरेबुकात डिपोटींनी काय लिहिलं ते आप्पांनी पुढे कुणाला वाचू दिलं नाही.

त्या दिवशी बाई आधी भडकल्या आणि मग विचार करत बसल्या. पुढच्या वर्षापासून त्यांनी एक नवीनच रिवाज पाडला. पौष लागला की मागच्या सालचा छापील पेपर घ्यायचा आणि घरोघर जाऊन आयांची परीक्षा घ्यायची. हो, आयांची! बाई ओटीवर मांडी ठोकून बसायच्या आणि म्हणायच्या, "तुझी लेक राहू दे बाजूला. आज तू बस परीक्षेला." पेपरात आंबे असले तर बाई बांगडे करायच्या, गज-फूट असले तर जाळं मोजायची वाव करायच्या. बायका आधी तोंडाला पदर लावून हसायच्या, मग बोटांवर हिशेब करायच्या, आणि उत्तर बरोबर आलं की लहान पोरीसारख्या खूश व्हायच्या. "बाई, मी पास काय वो?" असं विचारायच्या. मग बाई सांगायच्या, की बाजारात सगळ्यांचं भात सरकारी छापाच्या एकाच पायलीने मोजतात ना, तुझी वेगळी, माझी वेगळी नसते ना, तसाच हा पेपर. भात कुणाच्या शेतातलं हे पायली विचारत नाही. पाच-सहा वर्षांत खाजणवाडीच्या बायकांना पेपर म्हणजे काय हे जेवढं कळलं तेवढं रत्नागिरीतल्या वकिलांच्या बायकांनाही कळलं नसेल.

सन एकतीसच्या पौषात बाई सखूच्या ओटीवर येऊन बसल्या त्या मोठ्या आशेने. सखूचा नवरा सखाराम आगबोटीवर खलाशी, वर्षातले दहा महिने बाहेर. दोघांची एकुलती एक लेक चिमा, चौथीत. आणि चिमासारखी पोर बाईंच्या हाताखालून दुसरी गेली नव्हती. तोंडी गणित घातलं की बाईंचं वाक्य पुरं व्हायच्या आत उत्तर. एकदा पुस्तकातलं उत्तर चुकीचं छापलंय हे तिने दाखवून दिलं, आणि आप्पांनी दोनदा करून पाहिलं तरी पोरीचंच खरं निघालं. आधीच्या नऊ वर्षांत खाजणवाडीची एकही मुलगी स्कॉलरशिपला वर आली नव्हती. ही येणार, ह्यात बाईंना तिळमात्र शंका नव्हती.

सखूने सगळी गणितं हां हां म्हणता सोडवली. पोरीचं डोकं कुठून आलं ते तिथेच कळलं. पण तिला तिचं मन खात होतं. "बाई, चिमाचं नाव त्या कागदावर लिवायला लागेल?"

"नाही गो. पेपरावर नाव नसतं. नुसता नंबर. तपासणाऱ्याला कळतसुद्धा नाही कुणाचा पेपर ते."

"नाव नाय? नुसता आकडा?" सखूचा चेहरा एकदम उजळला. बाकीच्या आयांना ह्याच गोष्टीची धास्ती वाटायची, पोरीचं नाव पुसून आकडा घालतात म्हणजे काय म्हणून. सखूला मात्र तेच आवडलं. नाव नाही तर कुणाच्या डोळ्यावरही यायला नको, असं ती स्वतःशीच म्हणाली. बाईंनी ते ऐकलं आणि सोडून दिलं. बायका असं काहीबाही बोलतातच.

सखाराम त्या साली वैशाखापर्यंतच्या लांब सुटीवर घरीच होता. तो शांत माणूस. त्याने एकच गोष्ट सांगितली. खेडला एका दुकानदाराचं स्थळ आलंय, नवरा मुलगा अठ्ठावीसचा, पहिली बायको बाळंतपणात गेलेली. मंडळी वैशाखाची घाई करतायत. "पोरीला स्कॉलरशिप मिळाली तर मी त्यांना नाय म्हणून सांगतो, बाई. माजा शबुद. नाय मिळाली तर मंग मला अडवू नका. मी असतो दर्यावर. ही दोघी बायकामाणसं. कोणाच्या भरवशावर ठेवू?" बाई म्हणाल्या, "मान्य." एवढी खात्री होती त्यांना.

स्कॉलरशिपला वयाची अट होती. एप्रिलच्या पहिल्या तारखेला मुलीला बारा पुरी झालेली नसावीत. चिमा शाळेत आली तेव्हा बाईंनी तिचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लावून पाहिला होता, तो जेमतेम पोचला, आईला विचारलं, आणि वय सात लिहिलं होतं. म्हणजे आता अकरा सरून बारावं चालू. परीक्षेला बसायचं तर हेच वर्ष, पुढच्या वर्षी दार बंद. अर्जासोबत जन्माचा दाखला जोडायचा होता. सखारामने कचेरीत खेटे घालून आठ दिवसांत दाखला आणला आणि मोठ्या अभिमानाने बाईंच्या हातात दिला. त्याला वाचता येत नव्हतं.

बाईंनी वाचला. सखारामची मुलगी, नाव चिमा, जन्म मार्च सन सतरा. म्हणजे पोर चौदा वर्षांची!

"हे कसं शक्य आहे?" बाई आप्पांपुढे कागद आपटत म्हणाल्या. "चौदा वर्षांची मुलगी मला कळणार नाही?"

आप्पा गावातच जन्मलेले. त्यांनी पानाला चुना लावता लावता एकदा बाईंकडे पाहिलं आणि नजर वळवली. "बाई, तो दाखला चुलीत घाला. नोंद सापडत नाही असं मी लिहून देतो. पोरीला रत्नागिरीला सिव्हिल सर्जनकडे न्या, तो दात बघून वय लिहून देईल. दोन दिवसांचं काम."

"सापडलेली असताना सापडत नाही असं कसं लिहायचं?"

"लिहायचं आपलं. कुणाचं नुकसान आहे?"

"अहो आप्पा, नऊ वर्षं मी ह्या बायकांना सांगतेय, परीक्षेत लबाडी चालत नाही म्हणून. आणि आता मीच अर्जावर खोटं लिहू? नोंद चुकली असेल तर ती दुरुस्त करून घेऊ. सरकार काही झोपलेलं नाही." आप्पांनी पान तोंडात घातलं. पुढे कितीतरी वर्षं ते म्हणायचे, त्या दिवशी मी बाईंच्या हातून कागद हिसकावून घ्यायला हवा होता. हेडमास्तर मी होतो.

बाई तडक सखूकडे गेल्या. सखू चुलीच्या वैलावर ठेवलेल्या मोदळ्यात पेज ढवळत होती. दाखल्यावर काय लिहिलंय ते ऐकलं आणि तिच्या हातातली पळी तशीच राहिली. मग उठली, चिमाला पाण्याला पिटाळली, दार लोटलं, आणि बारा वर्षांत जे कुणापुढे बोलली नव्हती ते बोलली.

तिची चार पोरं. दोन मुलगे पाळण्यातच गेले. मग मुलगी झाली, चिमा. ती दीड वर्षाची झाली आणि मानमोडीच्या तापाची साथ आली. त्या महिन्यात वाडीत घरटी मढं निघत होतं, मोजणार कोण आणि पाटलाकडे वर्दी देणार कोण? चिमा गेली, तिला पहाटे खाजणाकडेला पुरली. पुढच्या श्रावणात सखूला परत मुलगी झाली. तेव्हा तिच्या सासूने सांगितलं, हिचं बारसं करायचं नाही, पाटलाला सांगायचं नाही, पाचवी पुजायची नाही. ही नवीन जन्मलीच नाही. ही आपली चिमाच, आजारी होती, ती उठली. जी जन्मलीच नाही तिला न्यायला कोण येणार? सखूने तेच धरलं. पोर जगली. साऱ्या वाडीला हे माहीत होतं आणि साऱ्या वाडीने तोंड शिवून ठेवलं होतं.

"मंग आता बाई," सखूने बाईंचे हात घट्ट धरले, "ती चिमा मेली असं वहीत लिवायचं? ती मेली तर ही कोण? ही नवीन झाली ना! मंग हिच्याकडे बघतील ना!"

"कोण बघतील?"

"ते मला नाय म्हायत. बघतील."

दुसरी कुणी मास्तरीण असती तर इथे तिने हसून उडवलं असतं. बाई हसल्या नाहीत. त्यांना सखूची कीव आली, आणि त्याहून जास्त राग आला, त्या मेलेल्या सासूचा, साथीचा, पाटलाचा, सगळ्यांचाच. त्या दिवशी त्या परत गेल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. समजावलं. तिसऱ्या दिवशी आल्या त्या भांडायलाच. "सखू, कागद काही करत नाही गो! कागद नुसतं सांगतो. माझा नवरा मेला हेही कुठल्यातरी वहीत लिहिलंय, म्हणून का तो मेला? पोरीला खेडला धाडायची आहे का तुला? त्या बिजवराच्या घरी? बाराव्या वर्षी?" सखू रडायला लागली. बाईही रडल्या. चिमा दाराआडून बघत होती, ती म्हणाली, "आये, मला परीक्षेला बसायचंय गो." तेवढ्याने सखू मोडली.

माघाच्या अखेरीस सखारामने आणि सखूने पाटलापुढे अंगठे उठवले. थोरली चिमा सन अठराच्या साथीत मयत झाली, धाकटी चिमा सन एकोणीसच्या श्रावणात जन्मली, वर्दी द्यायची राहून गेली. मजकूर बाईंनी स्वतः लिहिला, सुवाच्य अक्षरात, एकही खाडाखोड न करता. तोच कागद अर्जाला जोडून रत्नागिरीला धाडला. परत येताना त्यांना फार दिवसांनी हलकं वाटत होतं.

तीन आठवड्यांनी तीन अर्जांची उत्तरं आली. तांडेलाच्या विमलाला नंबर आला होता. नाखव्याच्या रहिमाला नंबर आला होता. तिसऱ्या अर्जावर लाल शाईने लिहिलं होतं: मुलगी चिमा ही दप्तरी मयत असल्याने अर्ज रद्द.

बाई त्याच पावली होडीत बसल्या. कचेरीतला कारकून वाईट माणूस नव्हता. त्याने बाईंना बसायला स्टूल दिलं, वही उघडून दाखवली. "हे बघा. चिमा, जन्म सतरा. त्यापुढे आता मयत, अठरा. तुमच्याच वर्दीवरून. बरोबर?"

"बरोबर. आणि दुसरी चिमा?"

"दुसऱ्या चिमाचा जन्म आमच्याकडे नाही."

"अहो, त्याच कागदावर लिहिलाय ना मी!"

"मृत्यूची वर्दी उशिरा घेता येते. पण जन्म बारा वर्षांनी कसा चढवू? त्याला वरचा हुकूम लागतो. चौकशी होईल, पंचांचे जबाब होतील, शाळेचं रजिस्टर मागवतील, तपासतील. रीतसर अर्ज करा."

"किती दिवस लागतील?"

"झालं लवकर तर सहा महिने."

परीक्षेला सोळा दिवस होते. बाईंनी तिथेच रीतसर अर्ज लिहून दिला. बाईंना तेव्हा सिव्हिल सर्जन आठवला. त्या धावतपळत तिकडेही गेल्या. पण नोंद सापडत नाही असं लिहून द्यायला आता कुणी तयार नव्हतं, कारण नोंद सापडली होती, तपासली होती, आणि चौकशीत गेली होती. पुढच्याच आठवड्यात कचेरीचा शिपाई येऊन शाळेचं जनरल रजिस्टर घेऊन गेला.

परीक्षेच्या दिवशी बाई विमलाला आणि रहिमाला घेऊन होडीत चढल्या. चिमा धक्क्यावर आली होती. नवं परकर-पोलकं घालून, केसांना तेल लावून, पाटी काखेत. कुणीतरी ऐन वेळी चल म्हणेल असं पोरीला वाटत होतं बहुतेक. बाईंच्याने तिच्याकडे बघवेना. होडी सुटली तेव्हा त्यांनी तोंड रत्नागिरीकडे केलं ते खाडी संपेपर्यंत वळवलं नाही.

संध्याकाळी त्या परत आल्या त्या छापील पेपर घेऊनच. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर चिमाला पडवीत बसवली, समोर घड्याळ ठेवलं आणि म्हणाल्या, "हं, कर सुरू." चिमाने सगळा पेपर सोडवला. वेळ संपायला पाव तास असताना पाटीवरचं शेवटचं गणित तपासून तिने मान वर केली. बाईंनी तिथल्या तिथे तपासलं, कसून, एक मार्कदेखील वाढवून दिला नाही. शंभरात चौऱ्याण्णव. निकाल लागला तेव्हा साऱ्या जिल्ह्यातल्या मुलींत पहिली आलेल्या मुलीला एक्याऐंशी होते. विमला आणि रहिमा वर आल्या नाहीत. बाईंनी ते चौऱ्याण्णव कुणाला दाखवायचे? पाहणारं कुणी नव्हतंच. आप्पांना दाखवले. आप्पांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि "असू द्या" एवढंच म्हणाले.

सखारामने आपला शब्द पाळला होता, आता बाईंनी त्यांचा पाळायचा होता. पण बाई कसल्या ऐकतात! वैशाखात मांडव पडला तशा त्या पाटलाला घेऊन सखारामच्या दारात उभ्या राहिल्या. "शारदा कायदा झालाय, सखाराम. चौदा पुरी झाल्याशिवाय लग्न लावता येत नाही. मी फिर्याद करीन."

सखाराम मांडवाची काथ्याची गाठ मारत होता. तो खाली उतरला, हात पुसले. रागावला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं. "करा, बाई. पण पोर चौदाची नाय असा दाखला द्यावा लागेल ना तुमाला? हाय?"

बाईंनी पाटलाकडे बघितलं. पाटलाने पायाकडे बघितलं. जन्माची नोंद नव्हती. शाळेचं रजिस्टर कचेरीत अडकलेलं. अंगठा घेतलेल्या वर्दीवर चौकशी चालू, म्हणजे तीही धरायची नाही. जी पोर समोर पडवीत हळदीच्या हातांनी उभी होती, तिचं वय किती हे सांगणारा कागदाचा एक चिटोरा दुनियेत नव्हता. "मला ठाऊक आहे तिचं वय! तुला ठाऊक आहे!" बाई ओरडल्या. "व्हय," सखाराम म्हणाला, "मला ठावूक हाय. पण मी सुटी संपली की बोटीवर जातो, बाई. मला हे करायलाच लागतंय." आणि तो परत शिडीवर चढला.

चिमा धावत आली. तिला वाटलं बाई लग्नाला आल्या. तिने ओवाळणीच्या तबकातली साखर बाईंच्या हातावर ठेवली, आणि मग हळूच, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने विचारलं, "बाई, मी नापास झाले का?"

साऱ्या गावाला पास-नापास समजावून सांगणाऱ्या दमयंतीबाई "नाही गो बाय," एवढंच म्हणाल्या, आणि ते चिमाला पटलं नाही हे त्यांना दिसलं. चिमा खेडला गेली. पुन्हा खाजणवाडीला ती आली ती एकदाच, नागपंचमीला, आणि तेव्हा शाळेकडे फिरकली नाही.

भाद्रपदात हुकूम आला. चौकशीअंती जन्म खरा धरला होता. चिमा, जन्म ऑगस्ट सन एकोणीस, नोंद करण्यात यावी. दाखल्याची एक प्रत शाळेच्या पत्त्यावर आली. बाईंना तो कागद फाडून टाकावासा वाटला. पण ज्याची वस्तू त्याला दिलीच पाहिजे, म्हणून त्या सखूकडे गेल्या. सखाराम बोटीवर गेला होता. घरात सखू एकटी, अंगणात सुकटी राखत बसली होती.

बाईंनी दाखला वाचून दाखवला. सखूने सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे लिवली तिला?"

"लिहिली."

"वहीत चढली?"

"हो."

"ती ह्याच्यावरनं खोडता येईल काय?"

"कशाला खोडायची, सखू? आता काही..."

सखूने त्यांच्या हातातून कागद घेतला. उलटा धरला, सुलटा धरला. तिला त्यातलं एक अक्षर लागत नव्हतं. "बाई," ती म्हणाली, आवाज चढवला नाही, "शाळेतली होती, ती तुमी काढलीत. माज्या घरातली होती, ती गेली. कोणाच्या वहीत नव्हती म्हणून जगली होती, ती आता वहीत घातलीत. माज्या पोरीचं अजून काय करायचं ऱ्हायलंय तुमचं?"

बाई अंगणात उभ्या राहिल्या. सखूने कागद घडी करून कमरेला खोचला, काठी उचलली आणि सुकटीवर उतरलेले कावळे हाकायला लागली.

त्यानंतर बाई आणखी सात वर्षं खाजणवाडीत होत्या. पौषात त्या घरोघर जायच्या, आयांना गणितं घालायच्या, पायलीचं सांगायच्या. गंगाराम तांडेलाची धाकटी पुढे परीक्षेत वर आली, तेव्हा तिच्या नंबराची चिठ्ठी घेऊन साऱ्या वाडीत पहिल्या धावल्या त्या बाईच. मात्र कुणा आईने जन्माच्या दाखल्याचं विचारलं तर त्या म्हणायच्या, "आप्पांना विचार. ते मला कळत नाही." आणि सखूच्या घरावरून जायचं असलं की वाट वाकडी करून खाजणाच्या बांधावरून जायच्या, भरती असली तर लुगडं गुडघ्यापर्यंत भिजवून.